गोडं पाणी

शिपाई तय्यबने जहूरची मानगूट धरली आणि आपल्या कमरेची बेडी काढली.

"थांब," जमादार खैरुद्दीन म्हणाला. "काल काय शिकवलं? शाळेत बेडी शेवटी. आधी तोंड."

साल एकोणीसशे चौसष्ट. दुबईतल्या त्या शाळेवर पोलीस नुकतेच नेमले होते, आणि त्यांना शिकवायला खैरुद्दीन. तय्यबचा हा पहिलाच गुन्हेगार. वय दहा. त्याने शाळेची टाकी वाळूत मोकळी केली होती. गाढवांवर डबे लादून आणलेलं पिण्याचं पाणी, सगळं गेलं.

"शिकवणी नंतर घ्या," हेडमास्तर रफिक ओरडले. "खलास! किल्ल्यावर, ठाण्यात न्या कार्ट्याला. नाव चढवा."

किल्ल्यावर नाव चढलं की बापाची नोकरी जाणार आणि अख्खं घर मुंबईच्या बोटीवर. हेडमास्तरांना हे ठाऊक होतं. म्हणून तर ते एवढे ओरडले.

तय्यबने मान सोडली. "का केलंस रे?"

"'का' नको," जमादार म्हणाला. "'का' म्हटलं की पोर खोटं बोलतं. काय झालं, ते विचार."

तय्यब वाळूत उकिडवा बसला. "काय झालं, बाबा?"

"कुबराला पऱ्या कसा वाहतो ते दाखवत होतो, सर. माझी बहीण. ती इथंच जन्मली. मी सांगितलं, आपल्या गावात घरामागनं पाणी आपलं आपण चालतं. ती म्हणाली, लायर."

तय्यबही रत्नागिरीकडचा. घरामागचा ओढा त्याला समजावून सांगावा लागला नाही.

"मग? कुठवर चाललं?" हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

"फाटकापर्यंतपण नाही. वाळूच प्यायली."

खैरुद्दीन वाकून ओल शोधत होता. "फाटकाकडे चढ आहे, गाढवा. भिंतीकडनं सोडायचंस."

"अहो, बेडी घालताय की नाही?" हेडमास्तर.

"घालतो की." तय्यब टाकीपाशी गेला. नळाची मूठ आणि पाइप त्याने एकाच बेडीत अडकवले आणि चावी जहूरच्या हातावर ठेवली. "आजपासून पाणी तू द्यायचंस. मागेल त्याला. सांडलंस तर गाठ माझ्याशी."

दुसऱ्या दिवशी गाढवं आली, टाकी भरली. मधल्या सुट्टीत रांग लागली. सगळी पोरं पिऊन गेली, तरी हेडमास्तर रिकामा पेला घेऊन तसेच उभे.

जहूरने चावी हातात धरून वर पाहिलं.

"काय झालं, सर?"