धावत्या पाण्यातली टोपली

टोपली जिथं बांधली होती तिथंच सापडली, म्हणून रिनाचा जीव भांड्यात पडला. मागच्या खेपेला नाल्यानं दोर तोडून टोपली कंदासकट नेली होती. आज नाला काठोकाठ भरला होता, पण गप्प होता. दोर ढिला पडून पाण्यावर तरंगत होता. तिनं गाठ सोडली आणि टोपली डोक्यावर घेतली.

वाटेत गावातला पत्रू भेटला. नदी इतकी चढली की तिचं पाणी उलटं नाल्यात शिरून राह्यलं, म्हणाला. पुन्हा घरात पाणी! चूल विझायच्या आत पोरांच्या पोटात काहीतरी घालावं म्हणून ती पाय उचलून चालायला लागली.

टोपलीत कडूकंदाच्या चकत्या होत्या. रानातला हा कंद तसाच खाल्ला तर माणूस उठत नाही. सोलायचा, पातळ चिरायचा, राखेच्या पाण्यात उकळायचा आणि रात्रभर धावत्या पाण्यात ठेवायचा, म्हणजे त्यातलं जहर वाहून जातं. हे सगळं रिनाला शेजारच्या इतवारी म्हातारीनं शिकवलं होतं. वर एक नियमही सांगितला होता. शिजला की आधी एकानं चाखायचं, जरा वेळ थांबायचं, तो गोड म्हणाला तरच बाकीच्यांनी जेवायचं. आणि चाखायचं कोणी, तर ज्याच्यावाचून घराचं काही अडत नाही त्यानं.

रिनाचा सासरा बापूराव तिथंच खाटेवर बसला होता. "मंग मीच," तो म्हणाला.

एरवी या घरानं कंदाकडं पाहिलंही नसतं. भामरागडच्या अलीकडं पलीकडं पावसाळ्यात रस्ते बुडतात, हे काय आजचं आहे? रिना उन्हाळाभर मरमर राबली होती. मोहफुलं वाळवली, लाखोळीच्या डाळीच्या वड्या घातल्या, अंबाडीचा पाला सुकवला, सुकट भरून ठेवली, बांबूच्या ढोलीत तांदूळ लिंपून ठेवला. चार महिने कोणाच्या तोंडाकडं पाहायचं नाही, असा तिचा ताठा होता. पाणी घरात शिरलं आणि सगळ्यावर पाणी फिरलं. ढोली बसली, तांदूळ आंबला, वड्यांचा चिखल झाला. नवरा मिथुन मोहर्लीला एका हॉटेलच्या भटारखान्यात कामाला. पूल पाण्याखाली, टॉवर बंद, त्याला कळवणार तरी कसं? शेजाऱ्यांची गतही तीच. आता तिला एवढंच हवं होतं, की रस्ता खुलेस्तोवर संघप्रिया आणि प्रणित, ही दोन लेकरं तगावीत.

बापूरावाला गेल्या साली मोठा ताप आला होता. त्यातून तो उठला, पण कुऱ्हाड उचलायचं बळ काही परत आलं नाही. फुकट खाऊन राह्यलो, हे त्याचं रोजचं रडगाणं. चाखायचं काम आलं आणि म्हातारा ताठ बसायला लागला. चूळ भरायचा, चकती जिभेवर ठेवायचा, डोळे मिटायचा. सगळ्यांचे डोळे त्याच्या तोंडाकडं. आतापर्यंतच्या खेपा गोड निघाल्या होत्या.

खाण्याबद्दल त्याची कुरकुरही नव्हती. मीठ संपलं त्या दिवशी रिनानं अळणी पेज वाढली तर पोरांनी थयथयाट केला. बापूरावानं मात्र वाडगं रिकामं केलं आणि झकास झाली म्हणाला. पोरांना वळण लागावं म्हणून बोलतात बिचारे, असं वाटून रिनाचे डोळे भरून आले होते.

घरी येऊन तिनं चकत्या पुन्हा उकळल्या. चिंच कोळून टाकली, उरलीसुरली मिरची टाकली. वाढायच्या आधी चुलीवरचं उष्टावायचं नाही, हे तिच्या आईनं लहानपणी हातावर मारून शिकवलेलं. तिनं पहिली ताटली बापूरावापुढं ठेवली.

त्यानं चूळ भरली. चकती जिभेवर ठेवली, डोळे मिटून हळूहळू चावली आणि गिळली. मग आणखी एक खाल्ली. रिना त्याच्या तोंडाकडं पाहत थांबली. पाऊस कौलांवर वाजत होता.

"मामाजी, कडू तं नाई ना?"

"चाखलं ना मी. गोड हाय. वाढ लेकराइले."

तिनं आणखी जरा वेळ जाऊ दिला, मग पोरांना वाढलं. प्रणितनं पहिल्याच घासाला तोंड वाकडं केलं. हे रोजचंच होतं. तो वास्त्यांच्या, बांबूच्या कोवळ्या कोंबांच्या भाजीलाही तोंड वाकडं करायचा. संघप्रिया काहीतरी बोलणार होती, पण आईचे डोळे पाहून गप्प बसली.

"आबाजीनं खाल्लं ना?" रिना म्हणाली. "मुकाट्यानं गिळा."

त्यांनी गिळलं. भुकेपुढं काय चालतं? ताटल्या पुसून खाल्ल्या आणि भर दुपारी दोघं चुलीपाशी आडवी झाली. प्रणित तर दिवसा कधी झोपत नसे. आज पोट भरलं म्हणून डोळा लागला, असं वाटून रिनाला बरं वाटलं. तिनं दोघांच्या अंगावर आपलं जुनं लुगडं टाकलं.

मग तळाशी उरलं होतं ते ताटलीत घेऊन ती शेवटी जेवायला बसली. पहिला घास तोंडात गेला आणि जिभेपासून घशापर्यंत कडूजहर आग उठली. तिनं घास थुंकला आणि पोरांकडं धावली. प्रणितला गदागदा हलवलं. त्याची मान एका बाजूला पडली.

बापूराव भिंतीला टेकून पाहत होता. त्याच्या कपाळावर घाम आला होता.

"कडू होतं काय, रिना?" त्यानं हळूच विचारलं. "मले तं त्या तापापासून कशाचीच चव समजत नाई."