दहा मीटरचा चौकोन

हेमाने लॅपटॉप आईच्या पुढ्यात सतरंजीवर ठेवला. सरजाबाई कोपऱ्यात भिंतीला टेकून बसल्या होत्या. हेमाच्या वडिलांना, आप्पांना, जाऊन अजून सव्वा महिना व्हायचा होता. तोवर सरजाबाईंनी उंबरा ओलांडायचा नव्हता. धाकटी जाऊ धुरपताबाई दारातच बसून तूर निवडत होत्या.

पडद्यावर पेडगावचं शिवार होतं, काल उपग्रहाने टिपलेलं. हेमाचं कामच हे होतं, असल्या चित्रांवरून नकाशे करण्याचं. यात उभं पीक लाल दिसतं, नांगरलेलं रान काळं, हे तिने आईला मागच्याच आठवड्यात सांगितलं होतं. तेव्हा आप्पांनी पेरलेली ज्वारी बांधापर्यंत लाल होती. बांधापलीकडचं त्यांच्या धाकट्या भावाचं, आदिनाथकाकांचं, रान काळं.

आज बांधाच्या अलीकडची, चित्रातल्या बारीक चौकोनांची एक अख्खी रांग काळी होती.

सरजाबाईंनी त्या रांगेवर बोट ठेवलं.

"हे कुणाच्या अंगाचं?"

"आपल्या बाजूचं," हेमा हळू म्हणाली. "एकेक चौकोन म्हणजे रानातले दहा मीटर."

धुरपताबाईंचे मालक, आदिनाथकाका, सकाळीच दाराशी येऊन गेले होते. ज्वारी झकास आहे, वैनींनी काळजी करू नये, म्हणाले होते. शेतात जाऊन येते म्हटल्यावर हेमाला त्यांनी थांबवलं होतं. रानात पाणी सोडलंय, पाय फसतील.

आता तरी जाते, असं हेमा म्हणाली. आईने नकारार्थी मान हलवली. तिथे जाऊन काका दाखवतील तोच बांध तिला बघावा लागणार होता. खरा बांध कुठून जात होता हे आता दोघांनाच ठाऊक, आदिनाथला आणि त्यांना. आठ दिवसांत तिथे काही पेरलं गेलं, की तिथे बांध होता असं तरी कोण म्हणणार?

सरजाबाईंनी उठायला भिंतीला हात लावला तशी दारातली निवडणारी बोटं थांबली.

"अक्का, काई लागायलंय का? मला सांगा की. तुमी कशाला उठायलाव? लोकं नावं ठिवतेत."

सरजाबाई परत टेकल्या. त्यांनी डोक्यावरच्या छताच्या पत्र्याकडे बघितलं. मग लेकीच्या कानाशी लागल्या.

"ह्या वरच्याला मी दिसायलेय का गं?"

"नाही आई. इतकं बारीक दिसत नाही त्याला. माणूस दिसतच नाही."

"तुझे आप्पा रानात असते, तरी बी?"

"तरीही नाही."

सरजाबाई उठल्या. धुरपताबाईंनी दारात पाय आडवा लांबवला.

"धुरपता, आभाळातल्याला मी दिसत न्हाई म्हणं," सरजाबाई म्हणाल्या. "तू बी घडीभर बघू नको."

पाय हलला नाही. सरजाबाईंनी लुगड्याचा काठ वर धरला आणि त्या पायावरून उंबऱ्याबाहेर, रानाच्या वाटेला पाय टाकला.