निवांत जागा

उभी हयात यंत्रमागाच्या खडखडाटात काढलेला विणकर बायकोला घेऊन खेड्यातलं घर पाहायला गेला. तिच्या छातीला शहराची हवा आता सोसणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. घराला शेजार असा नव्हताच. बायको पायरीवर बसली आणि कितीतरी महिन्यांनी तिने न खोकता पोटभर श्वास घेतला.

विणकराला मात्र कुठून तरी बारीक शिट्टी ऐकू येत होती. त्याने नळ आवळून पाहिला, विजेचं बटण बंद केलं, खिडक्या लावल्या. शेवटी दोन्ही कान गच्च दाबले. शिट्टी चालूच राहिली. इतकी वर्षं ती शहराच्या गोंगाटाखाली दबून होती, एवढंच.

तो बाहेर येऊन तिच्याशेजारी टेकला.

"अहो, करमेल ना तुम्हाला इथे?" तिने विचारलं. तिचा चेहरा कधी नव्हे तो टवटवीत दिसत होता.

"न करमायला काय झालं? जन्मभर असल्याच शांततेची तर वाट पाहत होतो."

ती समाधानाने डोळे मिटून गप्प बसली. तिने बोलत राहावं म्हणून काय विचारावं, ते त्याला सुचेना.