जिन्याखालची आठवण

“आजची आठवण जिन्याखालची,” मुलगी म्हणाली आणि तिने वहीत तारीख टाकली.

समोर आई मटार सोलत बसली होती. छळ सोसलेल्या माणसांच्या जबान्या नोंदवायचं काम मुलगी अकरा वर्षं करत होती. संस्थेने तिला आठवडाभर बळेच घरी पाठवलं होतं, आणि समुपदेशक बाईंनी सोबत अभ्यास दिला होता: रोज लहानपणीची एक आठवण, स्वतःची, घरच्या माणसाला सांगायची आणि लिहून काढायची. आज तिसरा दिवस.

“काल काय लिहिलंस? मी तुला मारलं म्हणून? एक चापट होती ती. मार म्हणे!”

“किती, ते विचारलं होतं मी. तू एक म्हणालीस. एकच लिहिलीय.”

“आणि हे सगळं लिहून झालं की तू बरी झालीस म्हणायचं?”

“सोमवारच्या सुनावणीला मला जाऊ देतील. एवढंच.”

आईने मान हलवली. मुलगी सांगायला लागली आणि सांगता सांगता लिहीत गेली. ती पाच-सहा वर्षांची होती. दारावर थापा पडल्या. आईने तिला जिन्याखाली ढकललं. तिथे रॉकेलचा वास येत होता. पायरीला भेग होती. भेगेतून चार बूट दिसले. त्यातल्या एकाची नाडी सुटली होती.

आईचे हात थांबले होते.

“कुठला जिना?”

“आपला.”

“आपण जन्मभर तळमजल्यावर राहिलो. तिन्ही घरांत जिना नव्हता.”

“शेजारचा असेल मग.”

“आणि बूट घालून कोण येणार होतं आपल्याकडे? मीटर बघायला यायचा तो माणूससुद्धा चपला घालायचा.” आईला हसू आलं होतं. मुलीचा चेहरा पाहून ते विरलं.

मुलीने लिहिलेलं पुन्हा वाचलं. अक्षर तिचंच होतं. तिने ऑफिसात फोन लावला आणि तो टेबलावर ठेवून स्पीकर सुरू केला. टायपिंगच्या वेगामुळे ज्याला सगळे गोगलगाय म्हणत, त्या सहकाऱ्याने उचलला.

“एकतीस नंबरची जबानी काढ.”

“तू रजेवर आहेस. बाई मला फाडून खातील.”

“काढ रे. त्यात जिना आहे का बघ.”

कीबोर्डच्या कळा वाजल्या. बराच वेळ वाजल्या.

“आहे. ‘आईने मला जिन्याखाली ढकललं.’”

“बूट?”

“चार. एकाची नाडी सुटलेली. का गं?”

“हे ती आपणहून म्हणालीय, की मी विचारल्यावर?”

“आपणहून. त्या सगळ्या भागात तू एक शब्द बोललेली नाहीस.”

मुलीने श्वास सोडला. तिचे खांदे खाली आले. “म्हणजे माझ्याकडून तिच्यात काही गेलेलं नाही. जबानी शाबूत आहे.”

“जबानीला काय धाड भरलीय? तुझं काय?”

तिने फोन बंद केला. पट्टी घेतली, वहीतल्या मजकुरावर एक तिरकी रेघ मारली आणि कडेला सही केली. कागदपत्रांत चूक दुरुस्त करताना तसंच करायचं असतं.

“त्या पोरीची आई?” आईने विचारलं. “ती कुठे लपली?”

“ती नाही लपली. कोणीतरी दार उघडायला हवं होतं.”

आईने ताटली बाजूला सारली. हात पदराला पुसले आणि खुर्ची मुलीच्या जवळ ओढली.

“लिही. आजची मी सांगते. ही तुझीच आहे. तू तीन-चार वर्षांची असशील. दुपारी झोपलीस की झोपेत हसायचीस. साधं नाही, खदखदून. मी काम टाकून बघायला यायचे. डोळे गच्च मिटलेले आणि पोट नुसतं उडतंय. मला वाटायचं, उठल्यावर विचारू, काय दिसलं एवढं. पण उठल्यावर तुला काही आठवायचं नाही.”

मुलगी शब्द न शब्द उतरवत होती. ‘खदखदून’पाशी तिने हात थांबवला आणि मग पुढे गेली.

“तेव्हा घरात आणखी कोण असायचं?”

“कोण असणार? बाबा कामावर. मीच.”

“बाबांनी कधी ऐकलं?”

“नाही.”

“दुसऱ्या कोणी?”

आई तिच्याकडे बघत राहिली. “कोणीच नाही गं. मी एकटीने.”

मुलीने मान डोलावली. शेवटचं वाक्य पुरं करून पूर्णविराम दिला. मग समासात, बारीक नीट अक्षरात, लिहिलं: दुजोरा नाही.