रोल नसलेला कॅमेरा

जुना कॅमेरा दुरुस्त झाला की मी तो सरूवर तपासायचो. पदर सारखा करून बायको रामवाडीतल्या आमच्या दारात उभी राहायची आणि मी खटका दाबायचो. आत रोल नसायचा. नुसत्या तपासणीला रोल कोण घालवणार?

"फोटो कदी येल वो?"

"येल गो."

ब्याण्णव साली ती गेली, तेव्हा हार घालायला तिचा एकही फोटो घरात नव्हता.

आज घर सोडून रोह्याला मुलाकडे जायचं होतं. कॅमेरे खोक्यात भरताना सवयीने एकातून दाराकडे पाहिलं.

सरू पदर सारखा करत होती.

कॅमेरा डोळ्यावरून काढला. दारात कोणी नव्हतं.

घाईघाईने नवा रोल भरून पुन्हा पाहिलं. कोणी नाही. रोल काढला, तर ती होती. दुसऱ्या कॅमेऱ्यात तेच. तिसऱ्यातही.

बाहेर निलेशने टेम्पोचा हॉर्न वाजवला. "बाबा, चला आता!"

मी रिकामा कॅमेरा पुन्हा डोळ्याला लावला. सरू उंबरा ओलांडून आत आली होती.

"ह्या वेळी रोल हाय ना वो?"

"हाय गो," मी म्हणालो आणि खटका दाबला.