मुलगा काय करतो?

श्रुतिकाला बघायला सर्वेश आणि त्याची आई बोरिवलीहून मुलुंडला आले होते.

"मुलगा काय करतो?" बाबांनी विचारलं.

"करायचंय काय त्याला? आजोबांचे तीन फ्लॅट भाड्याने दिलेत. भाडं आपसूक खात्यात पडतं," सर्वेशची आई कौतुकाने म्हणाली.

बाबांनी मान डोलावली. त्यांचा उभा जन्म भांडुपच्या कारखान्यात लेथ मशीनपुढे गेला होता. लेकीला तरी सुख लागावं, एवढीच त्यांची आस. आता ते होकार देणार, अशी भीती श्रुतिकाला वाटली.

मग बोलता बोलता सरकार बायकांना दरमहा पैसे देतं, त्यावर विषय गेला. सर्वेशने पोह्यांवरचं खोबरं चमच्याने बाजूला सारलं आणि नाक मुरडलं.

"घरबसल्या पैसे मिळायला लागले ना काका, की माणसं ऐतखाऊ होतात. आमच्या कामवालीचा तोरा बघा हल्ली!"

श्रुतिकाला राहवलं नाही.

"तुम्हाला किती वर्षं झाली ऐतखाऊ होऊन?"

सर्वेशच्या आईचा चेहरा कडूजहर झाला. "मुलीला भारीच बोलता येतं हो तुमच्या!"

श्रुतिकाने घाबरून बाबांकडे पाहिलं. बाबा सावकाश उठले, पाहुण्यांच्या हातातल्या बशा त्यांनी स्वतः उचलल्या आणि तिला म्हणाले,

"चहा आणशील तो फुंकून आण गं बाळा. यांना कष्टाची सवय नाही."