तिन्ही काटे सारखे

हे मी लिहिणारच नव्हतो. मोबाईलवर टाइप केलं, पुसलं, परत टाइप केलं. पण दवाखान्यातून आल्यापासून कानातला तो फुस्स आवाज जात नाहीये. म्हणून लिहितोय.

"काटे कसे आहेत रे?" पट्टीदादाने दवाखान्यातल्या खाटेवरून विचारलं.

पट्टीदादा माझा दोस्त. वयाने मोठा, म्हणून दादा. खिशात कायम स्टीलची पट्टी, म्हणून पट्टी. अणुवीज केंद्रात तो नळ्यांचे नकाशे काढायचा आणि मी त्या बसवायचो. बोटाएवढ्या बारीक नळ्या. अणुभट्टी थंड ठेवणारं पाणी एका मोठ्या टाकीत असतं. त्याचा दाब या नळ्यांतून येतो, आणि पाणी किती आहे ते कंट्रोल रूममधला काटा दाखवतो. एकाच काट्यावर भरवसा नको म्हणून नळ्या तीन, काटेही तीन. एखादा चुकला तर बाकीचे दोन चुगली करतील.

दादाने तिन्ही नळ्या शेजारी शेजारी नेल्या होत्या. विंचरलेल्या केसांसारख्या. वाटेत एक लोखंडी बीम आला, तिथे तिन्हींनी त्याच्यावरून सारखीच कमान घेतली होती. नवीन आलेल्यांना आम्ही मुद्दाम तिथे न्यायचो. बघा, काम असं असतं.

मग यंदा दुरुस्तीसाठी प्लांट बंद झाला. टाकी उघडली, आत बॅटरी मारली. पाणी काट्यांनी सांगितल्यापेक्षा हातभर खाली होतं.

कधीपासून? कोणालाच माहीत नाही. काही झालं नव्हतं. कोणाला साधं खरचटलंही नव्हतं. पण त्या दिवशी कॅन्टीनमध्ये ताटं तशीच राहिली. जो तो आपापल्या पाळ्या आठवत होता. त्या काट्यांकडे बघून निवांत जांभया दिलेल्या पाळ्या.

कमानीत हवा अडकली होती, त्यामुळे काट्यापर्यंत खरा दाब पोचतच नव्हता. तिन्ही नळ्यांत. सारखी कमान, सारखा बुडबुडा, सारखंच खोटं.

त्या कापायचं काम माझ्याकडेच आलं. आधी कमानीवरचा नट सैल केला. फुस्स. कोणीतरी वर्षानुवर्षं दाबून धरलेला श्वास सोडावा तसं. माझ्या हातातला पाना तिथेच थांबला. आजूबाजूला कोणी नव्हतं, तरी मी मागे वळून बघितलं.

आता तिन्ही नळ्या तीन वेगळ्या भिंतींवरून जातात. सगळ्या सलग उताराच्या, कुठेच कमान नाही. काटे आता एकमेकांपासून केसभर इकडेतिकडे दाखवतात. कंट्रोल रूमवाले कुरकुरतात. "आधीचे कसे एका सुरात बोलायचे. आता तुम्ही सासू, सून आणि नणंद आणून बसवल्यात."

हे दादाला कोण सांगणार? त्याच्या पोटात गाठ. डॉक्टरांनी मला आणि वहिनीला बाहेर व्हरांड्यात घेऊन सांगितलं होतं, महिना निघणं कठीण आहे, पण त्याला खचवू नका. त्याची मुलगी लांब शिकायला. शेवटच्या वर्षाची परीक्षा पुढच्या महिन्यात. तो रोज विचारायचा, पोरीला बोलावून घेऊ का? आणि आम्ही म्हणायचो, सुधारतंय ना, परीक्षा होऊ दे, मग बोलावू.

तर त्याने काट्यांचं विचारलं. मला वाटलं, म्हाताऱ्याला जरा बरं वाटेल.

"एकदम सारखे," मी म्हटलं. "तिन्ही. केसाचा फरक नाही."

सलाईन लावलेला त्याचा हात चादरीवर थांबला.

"केसाचाही नाही?"

"नाही दादा."

"गाढवा, तीन वेगळी माणसं एकाच गोष्टीवर इतकी एकमत होतात का कधी?" तो छताकडे बघत राहिला. "मग ते तीन नाहीत. एकच आहे." जरा वेळाने अगदी हळू म्हणाला, "कमानीत हवा आहे. मी काढलेल्या कमानीत."

मला राहवलं नाही. "होती. कापल्या मी तुझ्या नळ्या. वेगवेगळ्या नेल्या. आता काटे भांडतात."

"कोणाला काही...?"

"काही नाही. कोणालाच काही झालं नाही. आईशप्पथ."

त्याने डोळे मिटले. मग हसला. "भांडतात का? भांडू देत."

तेवढ्यात वहिनी थर्मास घेऊन आत आली. "काय म्हणताय? सुधारतंय ना? पोरीची परीक्षा होऊ दे, मग बोलावू."

कोणी विचारलंही नव्हतं.

दादाने तिच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. ती कप विसळायला बाहेर गेली तेव्हा त्याने माझी बाही धरली. बोटांत जीव नव्हता, पण बाही सुटेना.

"सकाळी डॉक्टर हेच बोलला. काल तू. आत्ता ही. एक शब्द इकडचा तिकडे नाही."

मी खिडकीकडे बघायला लागलो.

"मला फक्त पोरीला भेटायचंय रे. परीक्षेपर्यंत थांबू की नको, एवढं ठरवायचंय. तू तरी जरा नट सैल कर."

माझ्या तोंडून आधी शब्द आलेच नाहीत. नुसती हवा आली. फुस्स.

मग मी मोबाईल काढला आणि त्याच्या खाटेवर टेकलो.

"पोरीला फोन मी लावतो, दादा. आत्ताच. आणि तिला जे सांगेन, ते तुझ्यासमोर सांगेन."